जिनसेंग फायकस बोन्सायची पानं गळताहेत: मूळकूज, कीड की उजेड कमी?

गॅलरीतली_बाग

दिवाळीत भेट आलेलं जिनसेंग फायकसचं बोन्साय आहे. कुंडीसकट उंची साधारण ३५ सेंमी, खाली दोन जाड फुगीर मुळं, वर बारीक पानांचा झुपका. कुंडी चिनीमातीची, उथळ, जेमतेम ५ सेंमी खोल. वर पांढरे खडे आहेत, ते एकमेकांना चिकटवलेले आहेत, हलत नाहीत.

ठिकाण पुणे, तिसरा मजला, दिवाणखान्यात टीव्हीशेजारी. जवळची खिडकी दक्षिणेला, साधारण दहा फुटांवर. रोज सकाळी अर्धा कप पाणी, तेही बोअरचं.

डिसेंबर लागला तशी पानगळ सुरू झाली. आधी आतली पानं पिवळी होऊन पडली, आता हिरवी पानंही हात लागला की गळतात. निम्म्याहून जास्त गेली. उरलेल्या पानांवर वरून चिकट तकाकी आहे. दोनतीन फांद्यांवर तपकिरी ठिपके दिसतात, नखाने खरवडले की निघतात. कुंडीच्या बुडाशी नाक नेलं तर कुजका वास येतो.

माती आत्ता थंडीतच बदलू का मार्चपर्यंत थांबू? नर्सरीत सांगितलं की वरून निम्मं छाटा आणि गांडूळखत घाला. करू का?

---

पारंबी

दोन्ही करू नका, निदान आत्ता तरी. आधी झाड जिवंत किती आहे ते बघा, मग मुळं, मग बाकीचं.

प्रत्येक फांदीवर नखाने साल अगदी अर्धा सेंमी खरवडा. खाली ओला हिरवा थर दिसला तर फांदी जिवंत. तपकिरी आणि कोरडं दिसलं तर तिथून खाली सरकत जा, हिरवं लागेपर्यंत. फायकस आहे, म्हणजे आपल्या नांदरुकाचाच हा अवतार. जिवंत भागाला ओरखडा बसला की पांढरा चीक येतो. आजारी झाडात चीक कमी येतो, त्यामुळे चीक नाही म्हणजे मेलंच असं धरू नका; हिरवा थर निर्णायक.

पानं गळताहेत हे खरं तर त्यातल्या त्यात बरं लक्षण. पान गाळायलाही फांदी जिवंत लागते: देठाच्या बुडाशी पेशींचा एक थर तयार होतो आणि तिथून पान सुटतं. जी फांदी झटक्यात मरते तिची पानं करपून तिथेच लटकत राहतात. तशी फांदी असेल तर कळवा.

आता मुळं. खडे चिकटवलेले असताना तुम्ही पाणी कमी घालताय का जास्त, हे वरून कळूच शकत नाही. हे खडे वाहतुकीत माती सांडू नये म्हणून लावतात, झाडाला त्यांचा काडीचा उपयोग नाही. कुंडी खड्यांच्या वरपर्यंत पाणी येईल अशी बादलीत २० मिनिटं ठेवा. गोंद पाण्यात विरघळणारा असेल तर खडे सुटतील. नाही सुटले तर पकडीने कडेपासून तुकडे करत काढा, फक्त खोडाला चिकटलेला तुकडा ओढू नका, साल निघेल.

मग झाड कुंडीतून अख्खं बाहेर काढा. खाली तारेने बांधलेलं असेल तर बुडाची तार आधी कापा. दोनापैकी एक दिसेल:

एक, कडेची माती ओली आणि मधला गोळा ठणठणीत कोरडा. नर्सरीतलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) एकदा पूर्ण वाळलं की पाणी धरत नाही, वरचं पाणी कडेने वाहून भोकातून जातं. रोज पाणी घालूनही झाड तहानेने मरतं ते असं. उपाय सोपा: पाण्यात बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवायचं.

दोन, खालचा भाग चिखल आणि वास. तुमच्या वर्णनावरून हेच वाटतंय. चांगलं मूळ बोटात दाबलं तर घट्ट लागतं, टोक पांढरं किंवा फिकट बदामी असतं. कुजलेलं मूळ काळपट, चिमटीत धरून ओढलं तर वरची साल मोज्यासारखी हातात येते आणि आत फक्त दोरा उरतो.

फुगीर मुळंही चारी बाजूंनी अंगठ्याने दाबून बघा, विशेषतः मातीखालची टोकं. काय सापडलं ते लिहा.

---

खवले_शोधक

मुळांचं पारंबीताई बघतीलच. चिकटपणा ही वेगळी तक्रार आहे, आणि ती मुळांमुळे नाही.

नखाने निघणारे तपकिरी ठिपके म्हणजे खवले कीड. ती रस शोषते आणि उरलेली साखर थेंबाथेंबाने खालच्या पानांवर सोडते, तीच तकाकी. काही दिवसांनी त्यावर काजळीसारखी काळी बुरशी येते. कुंडीवर मुंग्यांची रांग असेल तर खात्रीच समजा. कापसासारखे पांढरे पुंजके पानांच्या बेचक्यात असतील तर तो पिठ्या ढेकूण, उपाय तोच. मात्र पानावर कडेने ओळीत अगदी बारीक पांढरे ठिपके असतील आणि ते खरवडून निघत नसतील, तर ती फायकसच्या पानाची मूळ ठेवण आहे. त्यावर औषध मारत बसू नका.

आजारी झाडावर पहिल्या दिवशी फवारणी नको. कानकोरणीचा कापूस सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून प्रत्येक खवल्यावर दाबा, दहा सेकंद थांबा आणि पुसून काढा. देठांच्या बेचक्या आणि पानामागची मधली शीर सोडू नका, पिल्लं तिथेच असतात. चिकट पानं साध्या ओल्या फडक्याने पुसा.

झाड स्थिरावलं की आठवड्याने फवारणी: एक लिटर कोमट पाण्यात आधी २ मिली पातळ साबण मिसळा, मग ५ मिली कडुनिंबाचं तेल घालून बाटली जोरात हलवा. क्रम उलटा केला तर तेल वर तरंगतं आणि शेवटच्या फवाऱ्यात सगळं तेल एकाच पानावर जाऊन पान करपतं. संध्याकाळी, पानांच्या खालून, आणि माती प्लॅस्टिकने झाकून. दर सात दिवसांनी, तीन वेळा. एकदा मारून भागत नाही, कारण कवचाखालची अंडी वाचतात आणि पिल्लं नंतर बाहेर पडतात. मोठ्या खवल्यांना कवचामुळे तेल फारसं लागत नाही, म्हणून आधी हाताने काढणं टाळू नका.

घरात बसायच्या खोलीत इमिडाक्लोप्रिड वगैरे रासायनिक कीटकनाशकांच्या फंदात पडायची गरज नाही. एवढंसं झाड आहे, हाताने होतं.

---

गॅलरीतली_बाग

खडे बादलीत सुटले. बाहेर काढल्यावर जे दिसलं ते असं:

माती म्हणजे कोकोपीट आणि चिकट काळी माती. वरचा दीड सेंमी ठीक, खालचा भाग चिखल. कुंडीला भोक एकच, त्यावर जाळी नाही, मातीनं बुजलेलं. बारीक मुळांपैकी वरची निम्मी घट्ट आहेत, खालची काळी आणि साल सुटणारी. दोन फुगीर मुळांपैकी एकाचं टोक दाबलं तर बोट आत जातंय. दुसरं घट्ट आहे. फांद्या सगळ्या आत हिरव्या, फक्त एक बारीक शेंड्याकडून वाळलीय.

आता?

---

पारंबी

मूळकूज आहे आणि वेळेत सापडलीय. फांद्या हिरव्या आहेत म्हणजे झाड वाचायला हरकत नाही.

थंडीचं म्हणाल तर नियम असा की फायकसची नेहमीची कुंडीबदल उष्ण दिवसांत, मार्च ते जुलै, कारण तेव्हा कापलेली मुळं पटकन फुटतात. पण कुजलेली मुळं मार्चची वाट बघत नाहीत. फरक एवढाच ठेवायचा की आत्ता फक्त मेलेलं काढायचं, जिवंत मुळाला कात्री लावायची नाही.

लागेल ते: धारदार कात्री, नवं ब्लेड, स्पिरिट, जुनी जाळी, २ मिमीची ॲल्युमिनियमची तार आणि बांबूची एक काडी.

कात्री आणि ब्लेड स्पिरिटने पुसा. मुळांतली माती काडीने अलगद मोकळी करा, खालचा चिखल कोमट पाण्याच्या हलक्या धारेत जाऊ द्या. वर चांगल्या मुळांना धरून बसलेली माती राहू दे, झाड पूर्ण उघडं करू नका. काळी मुळं घट्ट भागापर्यंत कापा. फुगीर मुळाचं मऊ टोक ब्लेडने चकत्या काढत कापत जा. जिथे काप पूर्ण पांढरट, घट्ट दिसेल आणि चीक येईल तिथे थांबा. मध्ये तपकिरी डाग जरी उरला तरी अजून एक चकती काढा; कूज तिथूनच पुन्हा वर चढते. प्रत्येक चकतीनंतर ब्लेड पुसा. चीक ओल्या फडक्याने टिपा. काहींच्या त्वचेला तो चुरचुरतो, डोळ्याला हात लावू नका.

मोठ्या जखमेवर लाकडी कोळशाची बारीक पूड किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड या बुरशीनाशकाची पाण्यात कालवलेली पातळ पेस्ट लावा आणि झाड सावलीत दोन तास उघडं ठेवा. बारीक मुळांवर ओलं फडकं गुंडाळून ठेवा, ती वाळली तर केलेलं वाया.

मिश्रण, दीड लिटरचं: पाऊण लिटर विटेचे तुकडे, अर्धा लिटर परलाइट किंवा प्यूमिस (दोन्ही हलके, सच्छिद्र खनिज दाणे), पाव लिटर चाळलेलं गांडूळखत. तुकडे ज्वारीच्या दाण्याएवढे, फार तर हरभऱ्याहून लहान, म्हणजे ३ ते ६ मिमी. चाळून धूळ पूर्ण काढून टाका, भोक बुजवते ती हीच. वीट पक्की भाजलेली हवी. शंका असेल तर दोनचार तुकडे रात्रभर पाण्यात ठेवा, सकाळी बोटाने दाबून चिखल झाला तर ती वीट फेकून द्या.

जुन्या उथळ कुंडीत आत्ता परत लावू नका. कुठल्याही कुंडीच्या बुडाशी पाण्याचा एक थर अडकून राहतो, आणि त्याची उंची मातीच्या दाण्यावर ठरते, कुंडीच्या खोलीवर नाही. ओला स्पंज आडवा धरला तर पाणी धरून ठेवतो, उभा केला की खालून गळतं, तसंच हे. तुमच्या ५ सेंमीच्या कुंडीत कोकोपीटने मुळांची जवळजवळ सगळी जागा त्या थरात बुडवली होती. म्हणून १५ सेंमी खोल साधी मातीची कुंडी घ्या, किंवा भाजी धुवायची प्लॅस्टिकची जाळीदार टोपली. टोपली दिसायला कशीही असो, मुळांना चारी बाजूंनी हवा मिळते. शोभेची कुंडी पुढच्या पावसाळ्याआधी बघू.

भोकावर जाळी बसवा, तार खालून वर घेऊन झाड मुळांच्या गोळ्यावरून घट्ट बांधा. झाड हलत राहिलं तर नवी पांढरी मुळी तुटत राहते, आणि ‘सगळं नीट केलं तरी जगलं नाही’ याचं कारण बऱ्याचदा हेच असतं. मिश्रण घालून काडीने हलकं खुपसत पोकळ्या भरा. कापलेलं जाड टोक शक्य असेल तर मिश्रणाच्या वर किंवा अगदी कडेला येईल असं लावा.

मग भोकातून स्वच्छ पाणी येईपर्यंत एकदाच भरपूर पाणी. नंतर थांबायचं.

---

दगडफूल

पारंबीताईंच्या बहुतेक मुद्द्यांना अनुमोदन, एका गोष्टीत मतभेद. गांडूळखत आत्ता पाव लिटरही नको. मुळं कापलेली, पानं निम्मी, पुण्यात रात्री पारा १०-१२ अंशांवर येतोय. या काळात झाड खाणार काहीच नाही आणि खत ओल धरून बसणार. त्याऐवजी तेवढंच परलाइट वाढवा, खत मार्चमध्ये वरून देता येतं.

छाटणीबद्दल: ‘मुळं निम्मी गेली तर फांद्याही निम्म्या कापा’ हा जुना हिशेब सगळीकडे ऐकायला मिळतो. झाडाने तो हिशेब पानं गाळून स्वतःच केलाय. उरलेली पानं आता नव्या मुळांना अन्न पुरवणार आहेत, ती कापून काय मिळवायचं? वाळलेली एक फांदी तेवढी काढा.

आणि पाणी. निम्म्या पानांचं झाड निम्म्याहून कमी पाणी पितं. रोज अर्धा कप हे वेळापत्रकच सोडा. बांबूची काडी कुंडीत बुडापर्यंत खुपसून ठेवा, रोज उपसून बघा. खालचा अर्धा भाग गडद आणि गार लागला तर पाणी नाही. काडी फिकट, पण हाताला किंचित दमट लागली की पाणी, तेही भोकातून वाहेपर्यंत. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात ती अवस्था हवी. विटेच्या मिश्रणात थंडीत हे अंतर तीन-चार दिवसांचं पडेल, उन्हाळ्यात रोजचं. खालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका. पाणी घातल्यावर कुंडी एका बाजूने दोन बोटं उचलून पाच मिनिटं तिरकी ठेवा, अडकलेलं बरंचसं पाणी निघून जातं.

बोअरचं पाणी रात्रभर ठेवून जडपणा जात नाही, फार तर क्लोरीन उडतं, आणि ते बोअरच्या पाण्यात बहुधा नसतंच. कुंडीच्या काठावर पांढरी पुटं दिसू लागली तर महिन्यातून एकदा कुंडीच्या तिप्पट आकारमानाचं पिण्याचं पाणी सावकाश ओतून क्षार धुवून काढा. आरओचं टाकाऊ पाणी चुकूनही नको, त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात.

---

उत्तरायण

तिघांनीही मूळ कारणाला हात लावला नाही. टीव्हीशेजारी, खिडकीपासून दहा फूट, म्हणजे उजेड नाही. उजेड नाही म्हणून पाणी ओढलं जात नाही, पाणी ओढलं जात नाही म्हणून माती ओली राहते, आणि मग मूळकूज. मिश्रण कितीही चांगलं केलंत आणि झाड परत तिथेच ठेवलंत तर होळीला पुन्हा हाच धागा वर येईल.

फोनवर लक्स (उजेडाचं एकक) मोजणारं एखादं फुकट ॲप घ्या, फोनचा वरचा भाग झाडाजवळ खिडकीकडे करून दुपारी मोजा. खिडकीपासून दहा फुटांवर साधारण दोनतीनशे लक्स मिळतात. आपल्याला खोली उजळलेली वाटते कारण डोळा जुळवून घेतो. फायकसला तग धरायला दीडदोन हजार आणि नवा फुटवा यायला पाच-दहा हजार लागतात. बाहेरचं भर दुपारचं ऊन लाखाच्या घरात असतं, त्यावरून अंदाज करा.

तुमची दक्षिणेची खिडकी आत्ता सोन्यासारखी आहे. डिसेंबर-जानेवारीत सूर्य दक्षिणेला कलतो आणि ऊन थेट आत येतं. मात्र मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत पुण्यात भर दुपारी सूर्य डोक्यावर किंवा किंचित उत्तरेला असतो, तेव्हा त्याच खिडकीत थेट ऊन जवळजवळ शून्य. म्हणून मे महिन्यात झाड पूर्वेच्या गॅलरीत न्यायचं.

कुंडीबदलानंतर पहिले तीन आठवडे खिडकीलगत, पण पातळ पांढऱ्या पडद्याआड. झाडावर पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी टोपीसारखी घाला, काड्या रोवून पानांपासून दूर ठेवा, दिवसातून दहा मिनिटं उघडा. पिशवी असताना थेट ऊन लागू देऊ नका, आत झाड शिजेल. नवे कोंब दिसले की पिशवीचे कोपरे कापत आठवडाभरात काढून टाका. पिशवीऐवजी दिवसभर पाणी फवारत बसण्यात अर्थ नाही, ती ओल काही मिनिटांत उडते आणि बोअरच्या पाण्याचे डाग तेवढे पानांवर राहतात.

रात्री खिडकीच्या फटीतून गार वारा येत असेल तर झाड दोन फूट आत घ्या, सकाळी परत.

---

गॅलरीतली_बाग

काम झालं. जाळीच्या टोपलीत लावलंय, गांडूळखताऐवजी परलाइट वाढवलं, तारेने बांधलं, पिशवी घातली. जाड मुळाचे तीन सेंमी कापावे लागले.

आणखी दोन शंका. बुंध्याशी, कलमाच्या गाठीखालून एक कोंब येतोय, त्याची पानं वरच्या पानांपेक्षा मोठी वाटतात. काढू? आणि सुधारतंय हे कशावरून ओळखायचं?

---

पारंबी

कोंब राहू द्या. जिनसेंग फायकसमध्ये खालचं फुगीर मूळ बियांपासून वाढवलेल्या झाडाचं आणि वरची बारीक पानं कलम केलेल्या दुसऱ्या वाणाची. खालून येणारा कोंब खालच्या झाडाचा, म्हणून पानं मोठी. निरोगी झाडात तो लगेच काढतात, नाहीतर सगळा जोर तोच खातो. आत्ता मात्र मुळांना पान हवंय, कुणाचंही चालेल. वरच्या भागात नवी पालवी येऊन कडक झाली की मग कोंब बुडातून कापा. वरचं सगळं वाळलं आणि फक्त खालूनच फूट येत राहिली, तर कलम गेलं असं समजायचं. तेव्हा त्याच कोंबातून नवा शेंडा घडवता येतो. पानं थोडी मोठी राहतील एवढंच.

खुणा: पहिले दोनतीन आठवडे आणखी काही पानं पडतील, घाबरू नका. त्यानंतर फांद्यांच्या टोकाशी असलेली टोकदार कळी बघा. ती हिरवी, टवटवीत असेल तर मुळं चालू झाली. काळी पडून सुरकुतली तर नखाची परीक्षा पुन्हा करा. फुगीर मुळावर उभ्या सुरकुत्या पडल्या तर दोन अर्थ निघतात, पाणी कमी पडतंय किंवा कूज पुन्हा सुरू आहे. काडी कोरडी असेल तर पहिला, काडी ओली असेल तर दुसरा. मुळं बघायला झाड उपसू नका, टोपलीच्या भोकांतून पांढरी टोकं आपोआप दिसतील.

---

दगडफूल

खताचं राहिलं होतं. निदान तीन नवी पानं पूर्ण उघडून गडद झाल्याशिवाय काहीही नको. कांद्याच्या सालींचं पाणी, ताक, चहाचा चोथा ही मंडळी तर लांबच ठेवा, उथळ कुंडीत ती आंबतात आणि वर चिलटं होतात. नंतर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समान) हे विद्राव्य खत, लिटरला अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, आणि तेही आधी साधं पाणी घालून माती ओली केल्यावर. कोरड्या मातीत दिलं तर नव्या मुळीची टोकं जळतात.

वाचणाऱ्यांपैकी कुणाकडे फायकसऐवजी जेडचं (जाड, रसाळ पानांचं झाड) बोन्साय असेल तर वरचं ‘लावल्यावर भरपूर पाणी’ त्याला लागू नाही. जेडची मुळं कापली की जखमा वाळू द्यायच्या, कोरड्या मिश्रणात लावायचं आणि आठवडाभर पाणी घालायचं नाही. जुनिपर (सूचिपर्णी झाड) असेल तर ते आधी घराबाहेर काढा, मग प्रश्न विचारा. ते खोलीत जगत नाही, आणि मेल्यावरही महिनाभर हिरवं दिसतं.